आधी नायट्रोजनची डिश पाहा

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. हेलियम दिलेल्या हृदयपेशी पहिल्या दोन तुकड्यांत ऑक्सिजनच्या उपासमारीतून चांगल्या तगल्या, तिसऱ्या तुकडीत मात्र त्यांच्यात आणि साध्या पेशींत काही फरकच उरला नाही. आता ती तुकडी ‘बिघडलेली’ म्हणून वगळावी की विषयच सोडून द्यावा, असे तू विचारतोस. तुझी घालमेल मला समजते. पण इतक्या लांबलचक पत्रात कंट्रोलच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, डिशबद्दल एक ओळही नाही, हे मला फार खटकले. हेलियमखालच्या पेशींचे काय झाले ते तू तपशिलाने लिहितोस आणि ज्यांच्याशी त्यांची तुलना करायची त्या पेशींचे काय झाले, हे मला विचारावे लागते.

आपण पेशींना हेलियमसारखा निष्क्रिय वायू ‘देतो’ असे म्हणतो. प्रत्यक्षात आपण मिश्रणातला नायट्रोजन काढून त्याची जागा दुसऱ्या वायूला देतो. ऑक्सिजन २१ टक्के, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के आणि उरलेले ७४ टक्के एका डिशवर हेलियम, दुसरीवर नायट्रोजन. बदलायचा तो फक्त नायट्रोजन, बाकी तसूभरही काही नाही. हे तुला पोरकट वाटेल, पण या विषयातले निम्मे घोटाळे इथेच होतात असे माझे मत आहे.

याचे कारण असे की हृदयपेशीला वाचवणे वाटते तितके अवघड नाही. तिला चुकून वाचवणे तर फारच सोपे आहे. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ५-५ मिनिटे चार वेळा बंद केली आणि मग ती ४० मिनिटे बंद ठेवली, तेव्हा मृत स्नायूचे प्रमाण पूर्वतयारी न केलेल्या हृदयांच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर आले. म्हणजे ऑक्सिजनची थोडी टंचाई हीच पुढच्या मोठ्या टंचाईची तयारी असते. तुझ्या हेलियमच्या मिश्रणात ऑक्सिजन नकळत कमी पडला असेल, तर पेशींना हेलियमने वाचवले की त्या टंचाईने, हे तू कसे सांगणार? कार्बन डायऑक्साइड जास्त झाला तर मीडियम, म्हणजे पेशी ज्यात ठेवतो तो पोषक द्रव, आम्लधर्मी होते, आणि ऑक्सिजन परत मिळतानाच्या पहिल्या काही मिनिटांत आम्लता स्वतःच पेशींचे रक्षण करते. तापमानाची गोष्ट तर याहून वाईट आहे. हेलियमची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सहापट. खोलीच्या तापमानाचा कोरडा हेलियम पेटीतून वाहू लागला की डिश गारठते, आणि गारठलेल्या पेशीला ऑक्सिजन कमी लागतो. इनक्युबेटरच्या पडद्यावर ३७ अंश दिसत असताना मीडियममध्ये बुडवलेला तापमापक काय दाखवतो, ते तू पाहिलेस का?

हे वाचून तुला वाटेल की म्हातारा हेलियमच्या विरोधात आहे. मुळीच नाही. २००७ मध्ये पॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना धमनी बंद करण्यापूर्वी ७० टक्के हेलियम, निऑन किंवा आर्गॉन थोडा थोडा वेळ दिला आणि तिन्ही वायूंनी हृदयाची हानी कमी केली, ही मोलाची गोष्ट आहे. झेनॉनही निष्क्रिय वायूच, पण तो भूल देतो, त्यामुळे त्याचा परिणाम भुलेच्या खात्यावर मांडता येत होता. हेलियम भूल देत नाही, तरीही हृदय वाचते. याचा अर्थ संरक्षणाची वाट वेगळी आहे. पेशीतली काही ठरावीक कायनेझ प्रथिने (संदेश पुढे पोहोचवणारी) जागी होतात आणि ऑक्सिजन परतताना पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पटलात जे घातक छिद्र उघडते, ते मिटलेले राहते, इतके बऱ्यापैकी दिसते. कोणाशी सहसा रासायनिक बंध न करणाऱ्या अणूमुळे हे घडावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझ्याविषयी बाहेर काय बोलले जाते ते मला ठाऊक आहे. हेलियमचे अनुकूल आकडे हाती असूनही मी ते छापायला दिले नाहीत, कारण डिशच्या तापमानाबद्दल मनात शंका होती आणि प्रयोग पुन्हा करायला वरिष्ठांनी वेळ दिला नाही. दुसऱ्यांचे काम आधी प्रसिद्ध झाले, आमचे अनुदान आटले. त्या कामावर माझ्या हाताखाली असलेल्या मुलाला संशोधन सोडावे लागले, आणि ती खंत माझ्या मनातून गेलेली नाही. पण शंकेचा आकडा दाबून ठेवला याची खंत नाही. आज तीच वेळ आली तर तेच करीन. लोक याला हेकटपणा म्हणतात. म्हणोत. ज्या आकड्याला कंट्रोलचा आधार नाही, तो आकडा माझा नव्हता आणि तुझाही नाही.

मोजणीकडेही असेच पाहा. ऑक्सिजन तुटला की डिशमधल्या पेशींची एकसुरी धडधड आधी तुटक होते, मग थांबते. ऑक्सिजन परत दिल्यावर काही पेशी आकसून गोळा होतात आणि तळापासून सुटतात. त्यानंतर तू मीडियम बदललेस तर त्या सुटलेल्या पेशी वाहून जातात आणि तळाला चिकटलेल्या तेवढ्या मोजून तू खूश होतोस. म्हणून सुटलेल्या पेशीही मोज, मीडियममधले एलडीएच, म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर गळणारे विकर, मोज, आणि कोणती डिश कशाची हे मोजणाऱ्याला कळू देऊ नकोस. मोजणारा तूच असशील तर क्रमांक दुसऱ्या कोणाकडून टाकून घे.

माणसांवरच्या प्रयोगांचा दाखला देऊन तू विचारतोस की हेलियमची बायपासच्या रुग्णांमध्ये डाळ शिजली नाही, मग याला अर्थ काय? अर्थ आहे. तुझ्या डिशमध्ये नवजात उंदरांच्या निरोगी पेशी आहेत. शस्त्रक्रियेला येणारा माणूस वयस्क असतो आणि त्याच्या अंगात अनेक औषधे असतात. म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयात हेलियमचे संरक्षण ओसरते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. याउलट फिनलंडमध्ये हृदय बंद पडून वाचलेल्या, बेशुद्ध अशा ११० रुग्णांच्या अभ्यासात झेनॉन दिलेल्या गटात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन, कमी वाढले. मला त्या अभ्यासातली आवडलेली गोष्ट निराळीच आहे: दोन्ही गटांना ३३ अंशांवर सारखेच गार ठेवले होते. थंडीचे श्रेय झेनॉनला जाऊ नये याची सोय आधीच केलेली. मात्र ट्रोपोनिन हा त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता, हेही विसरू नकोस.

तेव्हा तिसरी तुकडी वगळायची नाही. तिन्ही तुकड्यांच्या नायट्रोजनच्या डिश शेजारी शेजारी मांड. तिसऱ्या तुकडीत हेलियमखालच्या पेशी जास्त मेल्या, की नायट्रोजनखालच्या कमी मेल्या? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझ्या पत्रावरून मला त्यांतली एकही ओळखता येत नाही.

झेनॉन मागवण्याची घाई नको. हवेच्या १ कोटी भागांत तो १ भागही नाही, म्हणून महाग आहे, आणि उघड्या प्रवाहात वाहू देण्याजोगा नाही. आर्गॉन हवेत ०.९३ टक्के आहे, स्वस्त आहे. बंद पेटी आणि मीडियम आधी वायूशी समतोलात आणणे यांवर हात बसेपर्यंत त्याच्यावर काम कर. सिलिकॉनच्या नळ्या काढून टाक, त्यांतून ऑक्सिजन झिरपतो. आर्गॉनचे मिश्रण मागवशील त्याच दिवशी, त्याच पुरवठादाराकडे नायट्रोजनचेही मिश्रण नोंदव, आणि दोन्ही सिलिंडरांत ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड नेमका किती आहे याचे लेखी प्रमाणपत्र माग. ते द्यायला कुरकुर करतात. तरी माग.

तुझा हितचिंतक