कुत्र्याला रक्ताची चटक लागते का?

कुत्र्याने कोंबडी मारली, मांजराच्या मागे धाव घेतली किंवा फिरायला नेताना ससा दिसताच हातातला पट्टा हिसकावून पळ काढला, की घरातील माणसांच्या मनात दोन शंका येतात. पहिली, हा आता हिंस्र झाला आहे आणि उद्या मुलांवरही धावून जाईल. दुसरी, एवढे शिकवूनही हा हाकेला येत नाही, म्हणजे याने आपल्याला जुमानणे सोडले आहे. श्वानवर्तनाची समुपदेशक म्हणून मला हे प्रश्न वारंवार विचारले जातात, आणि पुणे जिल्ह्यातील सुपे परिसरात शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी ते दोन्ही एकाच वेळी माझ्यासमोर आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

त्यांच्याकडे दीड वर्षाची करवानी जातीची कुत्री होती. तिला राणी म्हणू. तिने शेजाऱ्यांच्या तीन कोंबड्या मारल्या होत्या, आणि त्यानंतर मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या माळावर चिंकारांच्या कळपामागे ती दिसेनाशी होईपर्यंत धावली होती. घरातील आबांचे मत ठाम होते: "हिला रक्ताची चटक लागली आहे. घरात नऊ वर्षांचं पोर आहे, हिला कुठेतरी सोडून या." मेलेली कोंबडी तिच्या गळ्यात बांधून ठेवा, कच्चे मांस बंद करा, नसबंदी करा, विजेचा झटका देणारा पट्टा आणा, असे सल्ले गावातून येतच होते. राणीला सांभाळणाऱ्या सूनबाईंनी मला विचारले, "ताई, हिला परत बोलावल्यावर आम्ही दोनदा चांगलं मारलं, तरी हिला कळत कसं नाही?"

त्या माराने राणी एकच गोष्ट शिकली होती, ती म्हणजे परत आल्यावर मार बसतो. पाठलाग आणि मार यांच्यामध्ये बराच वेळ गेलेला असल्यामुळे कुत्रा त्या दोन्हींची सांगड घालू शकत नाही. मालकाजवळ पोहोचणे आणि मार यांची सांगड मात्र तो लगेच घालतो. गळ्यात कोंबडी बांधण्याचा उपायही याच कारणाने फसतो, आणि उन्हाळ्यात तो कुत्र्याच्या प्रकृतीला घातक ठरतो.

शिकार ही एक क्रिया नसून क्रियांची साखळी असते: सावज हेरणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे, फाडणे आणि खाणे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेगवेगळ्या जातींत या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणे आणि दबा धरणे ठळक असते, लॅब्रॅडॉरला वस्तू तोंडात धरून आणण्याची हौस असते, आणि करवानी, मुधोळ, पश्मी या आपल्या दख्खनी हाउंडना, म्हणजे शिकारी कुत्र्यांना, उघड्या माळावर हलणारी वस्तू नजरेने टिपून तिच्यामागे सुसाट धावण्यासाठीच जोपासलेले आहे. या धावण्यातच त्यांना इतका आनंद मिळतो की सावज हाती लागले नाही तरी पुढच्या वेळी ओढ कमी होत नाही, उलट प्रत्येक पाठलागाने ती पक्की होते. कच्चे मांस खाल्ल्याने ही ओढ निर्माण होत नाही आणि नसबंदीने ती जात नाही. झटक्याच्या पट्ट्याला मी स्पष्ट विरोध केला, कारण वेदना झाली त्या क्षणी कुत्र्याच्या नजरेसमोर जे असेल, मग ते शेळीचे करडू असो वा घरातले मूल, त्याच्याशी तो ती वेदना जोडू शकतो, आणि ज्याची भीती होती ती आक्रमकता खरोखर जन्माला येऊ शकते.

मुलाविषयीच्या शंकेकडे मी अधिक लक्ष दिले, कारण ती आबांच्या काळजीतून आलेली होती. रागाने अंगावर येणारा कुत्रा गुरगुरतो, दात दाखवतो, समोरच्याला दूर सारू पाहतो. पाठलाग करणाऱ्या कुत्र्यात यांपैकी काही नसते. मुलगा अंगणात धावत असताना राणीचे शरीर सैल होते, ती त्याच्या हातून हळुवारपणे खाऊ घेत होती. तरीही किंचाळत पळणारे लहान मूल कोणत्याही उत्साही कुत्र्याची धावण्याची ओढ जागवू शकते, म्हणून मोठे माणूस जवळ असल्याशिवाय दोघांना एकत्र ठेवू नये, हे मी त्यांना निक्षून सांगितले. याउलट, एखादा कुत्रा तान्ह्या बाळाकडे एकटक, ताठरपणे पाहत असेल, तर वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवावे.

कामाची सुरुवात शिकवण्यापासून न करता पाठलागाची संधी बंद करण्यापासून केली. शेजाऱ्यांना नुकसान भरून दिले, त्यांच्या खुराड्याला जाळी बसवून दिली, आणि आवाराबाहेर राणी तीस फुटांच्या दोरीशिवाय जाणार नाही असे ठरले. ही दोरी गळपट्ट्याला न लावता छातीच्या हार्नेसला लावावी, कारण वेगात धावणाऱ्या हाउंडला अचानक बसलेला हिसका मानेला गंभीर इजा करतो. आणि दोरी हाताला गुंडाळू नये, कारण मग बोटे जायबंदी होतात.

त्यानंतर अंतराचे काम सुरू झाले. राणीला कोंबड्या दिसतील, पण तिचा तोल जाणार नाही, इतक्या लांब तिला उभे करायचे. हे अंतर ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे खाऊ: उकडलेल्या चिकनचा तुकडा ती घेत नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. तिने कोंबड्यांकडे शांतपणे पाहिले, की लगेच "छान" म्हणून तुकडा द्यायचा, आणि मग वळून दूर जायचे. कान पुढे येणे, तोंड मिटणे, शेपूट स्थिर होणे, पुढचा एक पाय उचलला जाणे, ही चिन्हे सूनबाईंनी काही दिवसांतच अचूक टिपायला सुरुवात केली, आणि माझ्या मते सगळ्या शिक्षणातील खरी कमाई हीच होती. धाव सुरू झाल्यावर मारलेली हाक बहुतेक वाया जाते. या चिन्हांच्या वेळी मारलेली हाक कानावर पडते.

हाकेसाठी नवी शिट्टी घेतली, कारण "राणी, ये" या शब्दांना माराची आठवण चिकटलेली होती. शिट्टी प्रथम स्वयंपाकघरात, मग अंगणात, मग दोरी लावून माळावर, आणि प्रत्येक वेळी ती वाजल्यावर काहीतरी उत्तमच मिळेल असा नियम. माळावर चिकनपेक्षाही तिला दुसरे बक्षीस प्रिय ठरले. लांब काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती जमिनीलगत फिरवायची, आणि शिट्टीला परतलेल्या राणीला तिच्यामागे धावू द्यायचे. ज्याला धावण्याची भूक आहे त्याला धावणेच द्यावे, असे मला मनापासून वाटते. मात्र हा खेळ थोडाच वेळ खेळावा, मध्येच थांबवून "सोड" शिकवावे, आणि शेवटी गवतात खाऊ विखरून कुत्र्याला हुंगत शांत होऊ द्यावे. दिवसभर चेंडू फेकून कुत्रा दमवण्याच्या प्रयत्नात तो अधिकच उत्तेजित राहतो. प्रौढ कुत्र्याला दिवसातून बारा ते चौदा तास झोप व विश्रांती लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

काही महिन्यांनी राणी जाळीतल्या कोंबड्यांसमोरून दोरी सैल ठेवून जाऊ लागली, आणि चिंधीचा खेळ आबांनी आपल्याकडे घेतला. तेव्हा त्यांनी विचारले, "आता माळावर मोकळी सोडायला हरकत नाही ना?" मी नाही म्हणाले. जवळून उसळलेल्या सशामागे किंवा चिंकारामागे उत्तम शिकलेली करवानीही धावू शकते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असलेल्या प्राण्याचा जीव आपण या शक्यतेवर सोडू शकत नाही. त्याऐवजी त्यांनी शेताचा एक पडीक तुकडा सहा फूट उंच जाळीने बंदिस्त केला, खालून उकरून जाता येऊ नये म्हणून जाळीचा काठ जमिनीत पुरला, आणि पहाटेच्या गारव्यात राणीला तेथे मोकळे सोडण्याची वेळ ठरवून टाकली.