९८००एक्स३डी आणि ५०८०च्या कस्टम लूपला एक ३६०चा रेडिएटर पुरेल का?

तुम्ही विचारलंय ते असं: पुण्यात राहता, रायझन ९८००एक्स३डी प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०८० ग्राफिक कार्ड घेताय, दोन्हींना मिळून एकच ३६० मिलिमीटरचा रेडिएटर चालेल का, लूपमध्ये (पंप, नळ्या आणि रेडिएटरमधून फिरत दोन्हींची उष्णता नेणाऱ्या पाण्याच्या बंद फेऱ्यात) पाणी कुठलं घालावं आणि ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग, कितीपर्यंत जाईल. शेवटी एक वाक्य जोडलंय, "पाणी खोलीपेक्षा गार होणार नाही हे मला माहीत आहे, ते फिजिक्सच आहे."

त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. जवळजवळ हेच शब्द मी २०१८च्या मे महिन्यात नागपुरात माझ्या काकांना ऐकवले होते. काकांनी कोराडीच्या वीज केंद्रात ३१ वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. त्यांना मी पाणी कसं गार होतं ते शिकवत होतो.

आधी रेडिएटरचं उरकतो. चालेल, पण करू नका. ५०८० एकटं ३६० वॅटपर्यंत जातं, वर प्रोसेसरचे शंभर-सव्वाशे. दर १२० मिलिमीटरमागे शंभर वॅट हा ढोबळ हिशेब धरला, तर पंखे ओरडू न देता तीनशेच्या आसपास सुखाने जातात. पुढचा प्रत्येक वॅट पाणी तापवतो किंवा कान खातो. ३६०च्या जोडीला एक २४० लावा. केसमध्ये दोन बसत नसतील तर केस बदला.

मी मात्र एकच लावला होता. म्हणून पुढचं सगळं.

आय७-८७००के प्रोसेसर, जीटीएक्स १०८० टीआय ग्राफिक कार्ड, एक ३६०चा रेडिएटर, डी५ पंप. त्या हिवाळ्यात ग्राफिक कार्डं क्रिप्टोचे मायनिंगवाले उचलून नेत होते, त्यामुळे १०८० टीआयला मी किती मोजले ते अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. लूपचा खर्च वेगळा, बेचाळीस हजार. जानेवारीतल्या एका पहाटे खोलीत १८ अंश होते. मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ५०, व्होल्टेज १.३४, प्रोसेसरला पूर्ण राबवणारी प्राइम९५ चाचणी, त्यातल्या सगळ्यात तापवणाऱ्या एव्हीएक्स सूचना बंद ठेवून, आणि सोबत ग्राफिक कार्डावरही पूर्ण भार. एक तास चाललं. पाणी २९वर थांबलं, सगळ्यात तापट कोर ७७वर. ५ गिगाहर्ट्झ! स्क्रीनशॉट काढला, मित्रांना पाठवला, वर "स्टेबल" असं लिहिलं. जानेवारीत नागपुरात इस्त्रीसुद्धा स्टेबल असते.

मे उजाडला. माझी खोली वरची, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. दुपारी खिडकीतला कूलर बंद असला की आत ३९-४०. पाणी ५१. कोर ९९ला टेकला आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली, ४.३, ४.१ गिगाहर्ट्झ. एकदा तर ऐन सामन्यात निळा पडदा. कूलर चालू केला की खोली ३३वर यायची, पाणी ४४-४५, कोर ९३. हिशेब स्वच्छ होता: पाणी खोलीच्या वर ११-१२ अंश, कोर पाण्याच्या वर ४८. यातलं काहीही हलत नव्हतं. खोली जितकी चढली तितकंच बाकी सगळं चढलं. पंखे वाढवले, फरक एका अंशाचा. पंप पूर्ण वेगात फिरवला, काहीच नाही. होणारही नव्हतं. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर चारशे वॅटनं लूपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. म्हणून आधी सीपीयू की आधी ग्राफिक कार्ड, मध्ये रेडिएटर हवा का, यावर रात्र जागवू नका. नळी जिथून कमी वळेल तिथून न्या.

तर काका त्या दिवशी वर आले. आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा. बाबांनी त्यांना "पोरानं कॉम्प्युटरला कूलर लावलाय" असं सांगितलेलं. काकांनी आत वाकून बघितलं, रेडिएटरला हात लावला, नळ्या बघितल्या.

"पाणी बाहेर कुठून पडते?"

"पडत नाही, काका. बंद लूप आहे."

"मंग तुह्या नळीतलं पाणी जेलात हाय बे. गार कसं होईन?"

मी त्यांना रेडिएटर समजावला. हवा पंख्यांतून जाते, उष्णता घेऊन जाते, आणि हवेपेक्षा गार पाणी होऊच शकत नाही. फिजिक्स आहे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोराडीच्या देवीला गेलेल्या कुणीही ते अजस्र कूलिंग टॉवर पाहिले असतील. काकांनी आयुष्य त्यांच्या खाली काढलं.

"आमचा टॉवर पाणी उडवते," ते म्हणाले. "थोडं मरते, बाकीचं गार होते. बाहेर ४५ असू दे, खाली हौदात तीसच्या आत-बाहेर. तुह्या खिडकीत छोटा टॉवरच तं चालू हाय. त्याच्या टाकीत हात घाल."

मी घातला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीतला माझा दोष तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. मी म्हणालो, पाणी खोलीपेक्षा गार झालं तर ब्लॉकवर (प्रोसेसरवर बसवलेल्या, आतून पाणी फिरणाऱ्या तांब्याच्या ठोकळ्यावर) दव धरेल, बोर्ड जळेल.

"कूलरच्या टाकीले बाहेरून घाम आलेला पाह्यला कधी?"

नव्हता पाहिला. तुम्हीही नसेल. पुढे मी हे वाचून काढलं: पाण्याची वाफ उडवून जितकं गार करता येतं त्याची सीमा म्हणजे ओल्या फडक्याचं तापमान, आणि ते दवबिंदूच्या खाली कधीच जात नाही. म्हणजे बर्फ किंवा एसीचा गॅस वापरला तर दवाची भीती खरी. कूलरच्या पाण्याला ती नाहीच. बाहेर ४४ आणि हवा नागपुरी कोरडी असली तर ओलं तापमान २३-२४ असतं. काका गेल्यावर थर्मामीटर टाकीत सोडला. २५.

आठ दिवस मी काही केलं नाही. प्रोफाइल ४.७वर आणून गप्प खेळत बसलो. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात कडक नऊ दिवस) लागला तेव्हा काका स्वतःच एका एसी दुरुस्तीवाल्याकडून वीस फूट तांब्याची नळी घेऊन आले. स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळून स्प्रिंगसारखी केलेली, दोन्ही टोकांना फिटिंगसाठी चुड्या डागलेल्या. गुंडाळी कूलरच्या टाकीत, मऊ नळ्या खिडकीच्या फटीतून आत, आणि लूपमध्ये रेडिएटरच्या जागी. मी म्हटलं रेडिएटर राहू द्या, दोन्ही ठेवू. काका म्हणाले, पाणी खोलीपेक्षा गार असलं तर तुझा रेडिएटर उलट खोलीची उष्णता आत घेईल. हेही बरोबर होतं.

भर दुपारी, बाहेर ४५, तीच चाचणी. पाणी ३०. कोर ७८. खोली ३३ असताना लूपमधलं पाणी ३०! चारशे वॅट त्या टाकीला जाणवतसुद्धा नाहीत. एवढी उष्णता नेण्यासाठी तासाला जेमतेम सहाशे मिलिलिटर जादा पाणी उडतं, आणि कूलर तसाही तासाला कितीतरी लिटर पितो. जानेवारी परत आला होता, आणि तो काकांनी आणला होता. ते आजही प्रत्येक लग्नात पंगतीत बसून सांगतात की आमच्या इंजिनिअर पोट्ट्याले पाणी गार करणं मी शिकवलं.

आता ते काय सांगत नाहीत ते.

गुंडाळीची टोकं डागताना वापरलेला फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन) आत तसाच राहिला होता. मी म्हटलं होतं, जोडण्याआधी गरम पाण्याने दहा वेळा फिरवून धुऊ. काका म्हणाले, कंडेन्सरच्या नळ्या काय आम्ही टूथब्रशने धुतो का. सहा आठवड्यांत पाणी हिरवट झालं. ब्लॉक उघडला तर आतल्या केसासारख्या फटींत हिरवा चिखल, आणि टूथब्रश घेऊन मीच बसलो होतो. वीज केंद्रात पाण्याचं रसायन बघायला वेगळी माणसं असतात, काका त्यांतले नव्हते. शिवाय जुलैत पाऊस धरला, हवा ओली झाली आणि टाकी २७-२८च्या खाली येईना. खोलीच तेव्हा ३०. म्हणजे टाकी खोलीपेक्षा जेमतेम दोन-तीन अंश गार. ऑगस्टमध्ये महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला आली, टाकीत गुंडाळी बघून एकाने विचारलं, "दारूची भट्टी आहे का?" त्या दिवशी बाबांनी ती काढायला लावली.

त्यामुळे पुण्यात हे करा असं मी म्हणत नाहीये. पुण्याचा मे नागपूरइतका कोरडाही नाही आणि तापतही नाही, आणि जूनच्या मध्यावर खेळ संपला. पण "फिजिक्सच आहे" म्हणू नका. हवेवर चालणाऱ्या रेडिएटरचं ते फिजिक्स आहे.

पाण्याबद्दल. बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, शंभर-दीडशेत पाच लिटर, आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक घातलेलं लूपचं काँसन्ट्रेट. नुसतं डिस्टिल्ड घालून वर्ष काढू नका. बोअरचं तर नकोच, आरओचंही नको. रंगीत, शिंपल्यासारखी चमक असलेली द्रवं फोटोपुरती; त्यातले कण फटींत बसतात. पारदर्शक मऊ नळीतला प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं रसायन) उतरून पांढरा थर धरतो, काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला दरिद्री पण निर्धास्त. कडक पीईटीजी प्लास्टिकच्या नळ्या घेणार असाल तर पाणी ६० अंशांच्या जवळही जाऊ देऊ नका, डी५ पंपाचीही मर्यादा तीच. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत स्वस्तातला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, एक धातू दुसऱ्याला खातो.

ओव्हरक्लॉकचं तुम्हाला आवडणार नाही. ८७००केच्या झाकणाखाली इंटेलने डाग न देता साधी पेस्ट भरली होती. त्या जूनमध्ये मी झाकण काढून लिक्विड मेटल लावलं आणि १७ अंश उतरले, वॉरंटीच्या मोबदल्यात. बेचाळीस हजारांच्या लूपपेक्षा आणि काकांच्या तांब्यापेक्षाही जास्त. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विषय बदलला. ९८००एक्स३डीत ही भानगड नाही: झाकण डागलेलं आहे, कॅशेचा थर कोरच्या खाली गेलाय, मल्टिप्लायर उघडा आहे. पण गेम खेळताना तो मुळात फार वीज ओढतच नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर (बायोसमधली व्होल्टेज कमी करण्याची सोय) उणे २०पासून सुरू करा, ग्राफिक कार्ड अंडरव्होल्ट करा, म्हणजे तेही कमी व्होल्टेजवर चालवा, आणि वाचलेल्या पैशांत बरा मॉनिटर घ्या. खरं सांगायचं तर या प्रोसेसरला चांगला एअर कूलर पुरतो. कस्टम लूप हौसेसाठी लावावा, आणि हौसेला मी कोण नाही म्हणणार.

गळतीची चाचणी बोर्डाला वीज न देता करा: पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधला हिरवा आणि काळा पिन जोडून फक्त पंप चालवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर, चोवीस तास. ग्राफिक कार्डावर ब्लॉक बसवण्याआधी दुकानदाराला वॉरंटीचं विचारून घ्या, ते मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

आणि हे वाचून कुणी विदर्भातला उत्साही कूलरच्या टाकीत तांबं सोडणार असेल, तर आधी घराची अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून आमच्याकडे दर उन्हाळ्यात माणसं जातात, आणि इथे त्याच टाकीतली धातूची नळी तुमच्या टेबलापर्यंत येते. काकांनी गुंडाळी पाण्यात सोडण्याआधी कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला होता. दिवा पेटला. त्या दिवशी फक्त इलेक्ट्रिशियन आला, गुंडाळी दुसऱ्या दिवशी गेली.