काखेतल्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली का?

ताई, आईला स्तनाचा कॅन्सर आहे आणि तिच्या काखेतल्या दोन लिम्फ नोडमध्ये (प्रतिकारपेशींच्या छोट्या ग्रंथींमध्ये) तो निघाला, म्हणून तिची प्रतिकारशक्ती कमी पडली का आणि महाद्वार रोडवरून आणलेली गुळवेलीची पावडर सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. पावडर कृपा करून देऊ नका. कोल्हापुरात पॅथॉलॉजीच्या कामात बरीच वर्षं गेली आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रतिकारपेशी स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीत असतातच, कधी खच्चून भरलेल्या. त्यातल्या मॅक्रोफेज पेशींचं एरवीचं एक काम जखम भरून काढणं. गाठीतही त्या तेच करू लागतात आणि फायदा कॅन्सरचा होतो. त्या व्हीईजीएफ-सी आणि डी ही प्रथिनं सोडतात, त्यामुळे गाठीभोवती नव्या लसिकावाहिन्या (ऊतींमधला द्रव लिम्फ नोडकडे नेणाऱ्या बारीक नळ्या) फुटतात, जुन्या रुंदावतात. या वाहिन्या सीसीएल-२१ नावाचा रासायनिक संकेतही सोडतात. तो खरा डेंड्रिटिक पेशींसाठी, म्हणजे शत्रूची ओळख लिम्फ नोडपर्यंत पोचवणाऱ्या प्रतिकारपेशींसाठी: त्यांच्यावरचा सीसीआर-७ रिसेप्टर (संकेत पकडणारं प्रथिन) तो ओळखतो आणि त्या लिम्फ नोडकडे जातात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरही हाच रिसेप्टर असतो, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. आपल्याच पेशींच्या वाटेने कॅन्सर काखेत पोचतो, तो असा. आईच्या अंगात ताकद नव्हती म्हणून नव्हे.

उलट टी पेशी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारू शकणाऱ्या प्रतिकारपेशी, खरोखर लढतात. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर व पीआर हे हार्मोनचे रिसेप्टर नसलेल्या आणि हर-२ हे प्रथिन वाढलेलं नसलेल्या) आणि हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ वाढलेल्या) गाठीत त्या भरपूर असतील तर केमोला प्रतिसाद सहसा चांगला मिळतो. म्हणून सरसकट ‘इम्युनिटी वाढवा’ याला इथे अर्थच उरत नाही. कोणती पेशी वाढवणार? गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तरी केमोच्या तोंडावर मी ही जोखीम घेणार नाही.

डॉक्टरांना मात्र एक नक्की विचारा: ते दोन नोड सेंटिनल बायोप्सीतले (गाठीतून कॅन्सर आधी जिथे पोचतो ते पहिले मोजके नोड काढून तपासतात, त्यातले) आहेत का? गाठ ५ सेंटिमीटरपर्यंतची असेल, काखेत हाताला काही लागत नसेल, स्तन राखून ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन ठरलं असेल, तर एक-दोन सेंटिनल नोडसाठी सगळी काख साफ करणं बहुतेकदा टाळता येतं. तेवढ्याने पुढे हात सुजण्याचा त्रास बराच कमी होतो. ईआर, पीआर, हर-२ काय आलंय तेही नाव झाकून इथे टाका, पुढचं त्यावरून सांगते.