वडिलांची फास्टिंग साखर ११२ असताना एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ७.४ कसं? लॅब चुकली का? आणि साखरेने रक्त घट्ट होतं का?

लॅबला दोष देण्याआधी तुम्हीच दिलेला तिसरा आकडा बघा. वडिलांचं हिमोग्लोबिन ९.२ आहे, म्हणजे कमी. घोळ तिथे असू शकतो.

तांबड्या पेशीला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागत नाही. रक्तात साखर वाढली की पेशीतही वाढते, दार उघडंच. आत ती हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत चिकटूनच राहते. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी म्हणजे एचबीएवनसी, ७.४ म्हणजे सरासरी साखर १६६ च्या आसपास.

पण हे गणित पेशींचं वय नेहमीसारखं धरून केलेलं. लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचा भरणा वाढतो आणि आकडा फुगतो. बी-१२ कमी असलं तरी तेच, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ घसरतं. उलट नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल (तांबड्या पेशी वाकड्या होऊन लवकर मरण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर आकडा खोटा कमी येतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बरंच आढळतं. तिथल्या माणसाचं एचबीएवनसी ५.८ बघून मी तरी लगेच खूश होणार नाही.

अर्थात ७.४ खरंही असू शकतं. फास्टिंग ११२ आणि जेवणानंतर २३० अशी माणसं खूप असतात. म्हणून आठवडाभर ग्लुकोमीटरने जेवणानंतरची साखर बघा. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ करा. लोह कमी निघालं तर फ्रुक्टोसामाइन ही हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेली रक्तचाचणी करता येते, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतं. शिवाय प्रौढ पुरुषाचं लोह कमी होत असेल तर पोटातून रक्त जातंय का, हे शोधावंच लागतं. नुसत्या गोळ्यांवर भागवू नका.

आता ‘घट्ट रक्त’. रक्ताचा पाक होत नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, सर्वात बारीक केशवाहिन्या त्याहून अरुंद. पेशी दुमडून आत शिरते. साखर सतत जास्त राहिली की ही लवचीकता कमी होते. मोठं नुकसान मात्र रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं. अस्तराच्या पेशींनाही साखर बाहेर अडवता येत नाही. अस्तर वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू कमी सोडतं, वाहिनी नीट सैलावत नाही. डोळ्याच्या पडद्यावर बारीक वाहिन्यांना फुगे येतात, मूत्रपिंडाची चाळणी गळू लागते.

त्यामुळे ‘रक्त पातळ करायची’ गोळी कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. हिमोग्लोबिन ९.२ असताना तर नकोच, पोटातून रक्त जात असेल तर ते वाढेल.

त्याऐवजी डोळ्याची बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, दिसायला त्रास नसला तरी. लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन गळतंय का ते कळतं) ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही करा, कारण मूत्रपिंड थकलं की तांबड्या पेशी बनवायला सांगणारं त्याचं संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, कमी पडतं, आणि त्यानेही हिमोग्लोबिन ९.२ वर येऊ शकतं.