ठसा बसत नाही, कडा पिंजतात, रंग लागतो: चामड्याचे दागिने घरी करताना

तुम्ही लिहिलंय की जुन्या पर्सचं चामडं कापून कानातली पानं केली आणि एक ब्रेसलेट, पण ठोकलेली नक्षी दोन दिवसांत पुसट झाली, कडा कापूस पिंजल्यासारख्या दिसतात, वरून दिलेला काळा रंग मनगटाला लागतो आणि कानाला खाज सुटते. चार तक्रारी आहेत, पण पहिल्या दोन खरं तर एकच आहेत आणि त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. चामडंच त्या कामाचं नव्हतं.

चामडं मुख्यतः दोन तऱ्हेनं कमावतात. एक झाडपाल्यातल्या टॅनिननं, म्हणजे बाभळीची किंवा ओकची साल, हिरडा वगैरे, त्याला वेज टॅन म्हणतात. दुसरं क्रोमियमच्या क्षारानं, ते क्रोम टॅन. पर्सा, जॅकेटं, सोफे बहुतेक क्रोम टॅनचे असतात कारण ते मऊ राहतं, पाण्याला दाद देत नाही आणि लवकर कमावून होतं. पण दागिन्यात नेमकं हेच आड येतं, ठोकलं की दबतं आणि हळूहळू परत फुगतं. वेज टॅन ओलं झालं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून बसतं.

ओळखायचं कसं, तर ताजी कापलेली कड बघा, मध्ये निळसर राखाडी झाक दिसली तर क्रोम टॅन. रंग आरपार दिला असेल तर कड फसवते, मग पाण्याचा एक थेंब टाका. फिनिश, म्हणजे वरचा संरक्षक थर, न मारलेलं वेज टॅन थेंब पिऊन लगेच गडद होतं आणि तिथं नखानं रेघ ओढली तर ती राहते. जाळून बघा असं कोणी सांगेल, ते घरात करू नका, तो धूर चांगला नाही.

पर्सचं चामडं वाया गेलं असं मात्र समजू नका, टॅसल, पातळ लेस, तीन पेडी वेणीचं ब्रेसलेट यासाठी ते मऊच बरं पडतं. फक्त त्यावर नक्षी नको आणि कड घासून चमकवायच्या नादाला लागू नका, ती चमकणार नाही, एज पेंटचे, म्हणजे कडेवर लावायच्या जाडसर रंगाचे, पातळ हात द्या नाहीतर कड आत दुमडून चिकटवा.

आता वेज टॅनवर ठसा. कानातल्यांना 1 ते 1.5 मिमी जाडी पुरते, ब्रेसलेटला 2 ते 3 मिमी. लोक ठोकायला घाई करतात आणि सगळं बिघडतं ते तिथंच. ओल्या स्पंजनं दोन्ही बाजू सारख्या भिजवा, चामडं गडद तपकिरी होईल, मग हात लावू नका. थोड्या वेळानं कडेकडून रंग परत फिका व्हायला लागतो, सगळा तुकडा जवळजवळ मूळ रंगावर आला पण गालाला लावला तर गार लागतो, ती वेळ ठोकायची. ठसा दाबल्यावर भोवती पाणी सुटलं तर अजून ओलं आहे, आणि ठशाच्या तळाशी रंग गडद उमटला नाही तर जास्त वाळलंय. खाली दगडी फरशीचा तुकडा ठेवा, टेबलावर ठोकलं तर टेबल उसळतं आणि ठसा दुहेरी येतो. पानाला बाक द्यायचा असेल तर तोही याच वेळी बोटांनी द्या आणि तसंच वाळू द्या. पाणी साधंच घ्या, कडकडीत गरम पाण्यात चामडं आकसतं आणि ठिसूळ होतं.

माझ्याकडून एकदा ओल्या पट्टीवर लोखंडी फूटपट्टी रात्रभर राहिली, सकाळी तिथं निळा-काळा डाग, आणि महिनाभर जपलेला तुकडा होता तो, फार वाईट वाटलं. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसानं बराच उतरतो.

पण तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं उत्तर ह्या डागातच आहे! काळा रंग वरून लावण्यापेक्षा चामड्यातच तयार करा. साबणानं धुऊन तेल काढलेली स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा पुंजका) साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण घट्ट लावू नका कारण आत गॅस तयार होतो. पाणी गाळून वेज टॅनवर फिरवा, डोळ्यांदेखत राखाडी होत होत काळं पडतं. मग खायच्या सोड्याच्या पातळ पाण्यानं पुसून घ्या म्हणजे आंबटपणा मरतो, साध्या पाण्यानं पुन्हा पुसा, वाळल्यावर हलकं तेल द्या कारण यानं चामडं कोरडं पडतं. हा काळा रंग हाताला लागत नाही, कारण वर रंगाचा थर नाहीच, चामड्याचंच टॅनिन काळं झालंय. आधी तुकड्यावर करून बघा, प्रत्येक चामड्यात टॅनिन कमीजास्त असतं.

दुसरे रंग हवे असतील तर डाय, म्हणजे चामड्यात मुरणारा रंग, आहेच, पण रात्रभर वाळवून मग पांढऱ्या फडक्यानं घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतरच फिनिश, दोन पातळ हात. घासायचं सोडून फिनिशचे चार हात दिले तरी घाम आला की रंग बाहेर येतोच. आणि काही चिकटवायचं असेल तर ते फिनिशच्या आधी, वरून चिकटत नाही.

कडांना मात्र खरंच वेळ द्या. चामड्याच्या दागिन्यात माझी नजर तरी आधी कडेवर जाते, नक्षी नंतर. एका दमात कापू नका, नवं पातं घेऊन त्याच रेघेवरून तीन-चार हलके हात फिरवा, पातं उभं ठेवा. 1.5 मिमीच्या खाली बेव्हलर (कडेचा कोपरा तासणारं हत्यार) लावला तर चामडं ओढलं जातं, तिथं 400 आणि मग 800 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. कड बोटानं किंचित ओली करा, असेल तर ट्रॅगाकॅन्थ गोंद लावा, आणि गुळगुळीत लाकडानं किंवा जाड कॅनव्हासनं भराभर घासा, जोर नको, वेग हवा. आधी कड खरखरीत लागते, मग एकदम लाकूड घसरायला लागतं आणि कड काचेसारखी होते. ती झाली की मेण. रंग द्यायचा असेल तर घासायच्या आधी, नंतर कड रंग पीत नाही.

ब्रेसलेटचं माप कागदाच्या पट्टीनं घेऊ नका. 3 मिमी जाड पट्टी गोल वळवली की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा सुमारे 19 मिमी मोठा होतो, म्हणून कागद मनगटाला बरोब्बर बसतो आणि चामडं आवळतं. त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा गुंडाळून बघा. कानातली पानं कापताना एकाच साच्यानं एक सरळ आणि एक उलटा साचा ठेवून कापा, नाहीतर दोन्ही पानं एकाच कुशीवर वळतात. भोक कडेपासून निदान 3 मिमी आत, आणि हुक अडकवायची रिंग उघडताना दोन टोकं एक पुढे एक मागे अशी सरकवा, बाजूला फाकवली की ती पुन्हा कधी नीट मिटत नाही.

राहिली खाज. ती बहुतेक हुकातल्या निकेलमुळे असावी. स्वस्त हुकांवर मुलामा असतो, तो घासला गेला की खालचं निकेल त्वचेला लागतं. युरोपात कान टोचल्यावर आत जाणाऱ्या तारेतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटावं असा नियम आहे, म्हणजे किती थोडं पुरतं ते बघा. टायटॅनियम किंवा 925 चांदीचे हुक घ्या, तेवढं तरी काटकसर न करता. हुक बदलूनही खाज राहिली, किंवा मनगटालाही पुरळ आलं, तर ते ब्रेसलेट काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, काहींना क्रोम टॅनमधल्या क्रोमियमचीही ॲलर्जी असते.

सध्या हत्यारं काही नवी घेऊ नका, वेज टॅनचा तळहाताएवढा 1.5 मिमीचा तुकडा आणा, अर्ध्यावर तोच जुना ठसा ठोका, अर्ध्याची एक कड घासा, आणि दोन दिवसांनी दोन्हींचा फोटो टाका, मग पानांच्या आकाराचं बघू.