वाचकांचे प्रश्न : बर्फाच्या पाण्यात बसावे काय?

प्रश्न : माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानावरून आल्यावर तो आणि त्याचे मित्र प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात बर्फ टाकतात आणि मानेपर्यंत बसतात. हे सारे ते मोबाइलवर पाहून शिकले. त्याने अंगदुखी जाते, प्रतिकारशक्ती वाढते असे मुलगा सांगतो आणि ‘बाबा, तुमचा बीपीही उतरेल’ म्हणून मलाही आग्रह करतो. गांधीजीही थंड पाण्याचे कटिस्नान घेत, असा दाखला देतो. मी काय करावे?
(एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : आपल्यापुरते उत्तर आधी देतो. रक्तदाबाचा त्रास असताना आपण त्या ड्रममध्ये बसू नये. साधारण १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात शरीर एकदम बुडाले की पहिल्या मिनिटभरात श्वास आपसूक खेचला जातो, नाडी धावू लागते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब उतरण्याऐवजी चढतो. निरोगी तरुणाला हा धक्का बहुधा सोसतो; परंतु रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला तोच महागात पडू शकतो.

मुलाचे म्हणणे मात्र सरसकट खोडून काढता येणार नाही. जोराच्या व्यायामानंतर थंड पाण्यात बसल्याने पुढचे एक-दोन दिवस स्नायूंचा ठणका कमी जाणवतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. परंतु पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्याबरोबर गोळाफेकही असते, आणि तेथे हा उपाय उलटण्याची शक्यता आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ताकदीच्या व्यायामानंतर दर वेळी थंड पाण्यात बसणाऱ्या तरुणांचे स्नायू १२ आठवड्यांत, नुसती हलकी सायकल चालवून अंग मोकळे करणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. व्यायामानंतर स्नायूत जी दुरुस्तीची धावपळ चालते तिच्यातूनच ताकद येते, आणि थंडी नेमकी तीच मंदावते. म्हणून वजने उचलली किंवा गोळ्याचा सराव केला, त्या दिवशी तरी बर्फ टाळावा.

प्रतिकारशक्तीबद्दल नेदरलँड्समधील २०१६चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात ३००० हून अधिक लोकांपैकी काहींनी महिनाभर आंघोळीच्या शेवटी ३० ते ९० सेकंद थंड पाणी अंगावर घेतले. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी घटल्या, हे खरे. पण आजारपणाचे दिवस मात्र घटले नाहीत. म्हणजे माणसे आजारी तितकीच पडली, कामावर मात्र अधिक गेली. आपण थंड पाणी घेतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतेच, तेव्हा उत्साहाचा वाटा किती आणि पाण्याचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

गांधीजींच्या दाखल्याविषयी एवढेच सांगतो की लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाची ती पद्धत होती आणि तीत टबात बसून पोट व कंबर तेवढी पाण्यात राही, छाती आणि पाय बाहेर. मानेपर्यंत बर्फात बुडण्याला तिचा आधार घेता येत नाही.

एक हिशेबही मुलासमोर ठेवावा. आपल्याकडच्या बोअरचे पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असते, म्हणून तर पहाटे ते कोमट लागते. १५० लिटर पाणी २६ वरून १५ अंशांवर आणायचे तर १७-१८ किलो बर्फ लागेल, शिवाय हवा आणि अंगाची ऊब ते पाणी पुन्हा तापवीत राहणार. तो पैसा अंडी, शेंगदाणे आणि डाळीवर खर्च झाला तर गोळा अधिक लांब जाईल, असे माझे मत आहे. तरीही त्याला बसायचेच असेल, तर एकट्याने बसू नये, पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाण्यात राहू नये, आणि जोरजोराने श्वास घेण्याचा जो प्रकार त्या चित्रफितींत दाखवतात तो पाण्यात, विहिरीवर किंवा तलावाकाठी कधीही करू नये. त्याने शुद्ध हरपते, आणि पाण्यात शुद्ध हरपलेला माणूस बुडतो.

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे. हातपाय दुखू लागले की ती रडते. शहरातील एका केंद्राच्या जाहिरातीत थंड उपचाराने सांध्यांच्या वेदना जातात असे लिहिले आहे. तिला न्यावे का?
(एक शिक्षिका, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : नेऊ नये. या पानावर मी इतके ठाम उत्तर क्वचितच देतो, पण येथे दुसरे उत्तर नाही. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या अडकण्याचीच ती वेदना असते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्ताची गती मंदावते आणि अडकण्याला आयते निमित्त मिळते. थंड पाण्यात पोहल्यानंतर किंवा पावसात भिजल्यानंतर असे दुखणे उसळते, हे डॉक्टरांच्या नित्य अनुभवातले आहे. दुखऱ्या जागी बर्फसुद्धा लावू नये. कोमट शेक द्यावा, भरपूर पाणी पाजावे, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके वेळेवर द्यावीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तिला सुरू आहे का, नसेल तर द्यावे का, हे सरकारी रुग्णालयात अवश्य विचारावे, कारण त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. ताप, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काही झाले तर घरी वाट पाहू नये.

याच निमित्ताने आर्वीच्या मुलांसह भरतीच्या मैदानावरील सर्वांनाच सांगावेसे वाटते की पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत आहे आणि सौम्य रूपात तो बरीच वर्षे कळतही नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. बर्फाच्या ड्रमापूर्वी ती करून घ्यावी.

प्रश्न : मे महिन्यात वावरात काम करताना आमचा एक मजूर कोसळला. अंग भाजत होते आणि तो बरळत होता. म्हातारी माणसे म्हणाली, तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नका, झटका येईल. आम्ही सावलीत निजवून कांद्याचा रस चोळला. आमचे चुकले का?
(एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : सावलीत नेले हे योग्य झाले, गार पाणी टाळले हे चुकले. थंडीच्या सगळ्या उपचारांत ज्याची उपयुक्तता निर्विवाद आहे तो हाच, आणि आपल्याकडे नेमका तोच टाळला जातो. उन्हाने शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला की मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे बिघडू लागतात. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवता आले तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. गार पाण्याने कातडी आकसून उष्णता आत कोंडते, हा म्हाताऱ्यांच्या भीतीमागचा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, परंतु पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढून घेते आणि तो आकस त्यापुढे टिकत नाही.

वावरात टब नसतो, ताडपत्री बहुधा असते. चौघांनी तिच्या कडा उचलून झोळ करावा, त्यात रुग्णाला डोके बाहेर राहील असे निजवून मिळेल तितके गार पाणी ओतावे आणि ते हलवत राहावे. बर्फ मिळाला तर त्यात टाकावा. वृद्ध किंवा हृदयरोगी असेल तर बुडवण्याऐवजी कपडे सैल करून अंग सतत ओले ठेवावे आणि जोराने वारा घालावा. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की यानेही अंग लवकर निवते. काख, मान आणि जांघेत बर्फाची पिशवी ठेवता येते. पॅरासिटामॉल देऊ नये, या तापावर ते चालत नाही. बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, पन्हे, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. एकाने १०८ ला फोन करावा, पण बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. रुग्ण शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की त्याला बाहेर काढून पुसावे, आणि तो बरा दिसला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण मूत्रपिंडांची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उघड होऊ शकते.