दीड वर्षाच्या पोरीला घेऊन न्यू जर्सीची स्टेट पार्क: कुठून सुरुवात करावी

तुम्ही लिहिलंय की एडिसनला नवीन आलात, मुलगी दीड वर्षाची आहे, जूनमध्ये सासू-सासरे येताहेत आणि दर शनिवारी एक याप्रमाणे आसपासची सगळी स्टेट पार्क पाहायची आहेत. उत्साह चांगलाच आहे, पण यादी निम्म्याहून कमी करा. महाबळेश्वरला गेलं की एका दिवसात पाच पॉइंट उरकायची आपल्याला सवय असते. दीड वर्षाच्या बाईंना पॉइंटशी काही देणंघेणं नसतं. पार्किंग लॉटच्या कडेला खडी दिसली की त्यांची सहल सुरू होते आणि बरेचदा तिथेच संपते. म्हणून दोन-तीन पार्क धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. तिसऱ्या खेपेला पोरगी स्वतःच 'तिकडे' म्हणून ओढायला लागते. मोठ्यांना कंटाळा येतो, ते मान्य.

पार्क निवडताना मी दोनच गोष्टी बघते: गाडीपासून पाणी किती पावलांवर आहे आणि रेस्टरूम कुठे आहे.

या हिशेबानं पहिला नंबर डेलावेअर अँड रॅरिटन कॅनॉलचा. एडिसनमधूनच जाणारा रूट २७ धरा, न्यू ब्रुन्सविक ओलांडून सरळ किंग्स्टनपर्यंत या, तिथे कालवा रस्त्यालाच लागतो. हा कालवा १८३४ मध्ये सुरू झाला. कोळशाच्या बोटी खेचर लावून काठानं ओढत नेत, त्या खेचरांची वाट म्हणजे आजचा टोपाथ. खेचरांसाठी केलेली म्हणून वाट सपाट, आणि त्यामुळे स्ट्रोलर व्यवस्थित चालतो, सासऱ्यांच्या गुडघ्यांनाही त्रास नाही. पार्क सत्तरएक मैल लांब आहे, पण तुम्हाला त्यातला अर्धा मैल पुरे. ऊन पडलं की पाण्यातल्या ओंडक्यांवर कासवं ओळीनं येऊन बसतात. पोरांना याहून जास्त काही लागत नाही. ग्रिग्जटाउनची बाजूही अशीच, जरा निवांत. एकच लक्षात ठेवा, पाण्याच्या कडेला कठडा नाही. स्ट्रोलरमधून उतरवलं की एका मोठ्या माणसाच्या हातात तिचा हात हवाच. आजी-आजोबा आणि आईबाबा असे चौघं असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे, म्हणून पाळी ठरवून घ्या.

दुसरं चीझक्वेक, अर्ध्या तासाच्या आत. पायवाटांना रंग दिलेले आहेत, तुम्ही पिवळी घ्या, ती सगळ्यात छोटी. हिरव्या वाटेवर पांढऱ्या सीडरच्या दलदलीतून लाकडी बोर्डवॉक जातो, फार सुंदर आहे, पण वाट लांब आणि मध्ये पायऱ्या. तिथे स्ट्रोलर नको, पाठीवरचं कॅरियर हवं. खाली हुक्स क्रीक लेक आहे, काठाला वाळू. लाइफगार्ड हजर असतानाच पाण्यात उतरू देतात.

आता टिक म्हणजे गोचिडीबद्दल, कारण नवीन आलेल्यांना ते कुणी नीट सांगत नाही. इथल्या गोचिडीपासून लाइम हा आजार होतो आणि न्यू जर्सीत तो भरपूर आहे. मे ते जुलै सगळ्यात वाईट, कारण तेव्हा तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, दिसतच नाहीत. वाटेच्या मधोमध चाला. सासूबाई पाय मोकळे करायला कौतुकानं गवतात बसतील, त्यांना पिकनिक टेबलावर बसवा. पोरीला फिक्या रंगाची लांब पँट, ती मोज्यांत खोचलेली. डीट या कीटक पळवणाऱ्या औषधाचा स्प्रे दोन महिन्यांवरच्या बाळांना चालतो, तिच्या हातांना आणि तोंडाला मात्र लावू नका. लेमन युकॅलिप्टसचं तेल नैसर्गिक म्हणून विकतात, पण ते तीन वर्षांखाली नको. घरी आलात की कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक तापमानावर दहा मिनिटं. आंघोळ घालताना कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यामागे, डायपरच्या इलास्टिकखाली बघायचं. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीजवळ पकडून सरळ वर ओढा. तेल लावा, काडी पेटवून धरा, असले सल्ले घरातून येतील, ऐकू नका. लाइम पसरायला ती साधारण चोवीस तासांच्या वर चिकटलेली राहावी लागते, म्हणून त्याच दिवशी शोधणं महत्त्वाचं. नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना टिकचं आवर्जून सांगा.

इथल्या स्टेट पार्कांत कचऱ्याचे डबे नसतात, आणलेलं सगळं परत न्यायचं. डायपरसुद्धा. घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या आणि गाडीत झाकणाचा एक डबा ठेवा, नाहीतर परतीचा प्रवास लक्षात राहील. खायला थर्मासमध्ये मऊ भात किंवा दशम्या. मोठा बेत आखू नका, सासऱ्यांचा चहा मात्र विसरू नका. सकाळी नऊला पोचायचं आणि साडेअकराला गाडीत, म्हणजे झोप परतीच्या वाटेत होते.

सासू-सासऱ्यांसाठी म्हणून एखाद दिवस अलेअरला न्या. जेम्स अलेअर यांनी १८२२ मध्ये लोखंडाच्या भट्टीसाठी घेतलेली ही जागा, कामगारांचं जुनं गाव अजून जपलंय, आणि शेजारी पाइन क्रीकची छोटी आगगाडी. गाडी रोज नसते, वार बघून जा. आयलंड बीचचा समुद्रकिनारा अप्रतिम आहे, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की गेटच बंद करतात. एवढ्या लांब जाऊन रडक्या पोरीसकट परत फिरायचं नसेल तर आठवड्यातला वार काढा किंवा सप्टेंबरची वाट बघा.

हॅकलबार्नी यंदा सोडा, दगडी पायऱ्या आणि खाली उसळती नदी, ती चार वर्षांची झाल्यावर बघू. हाय पॉइंट, म्हणजे १,८०३ फुटांवरचं राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, ऑक्टोबरात पानं रंगली की करा. तिथे वर एक मनोरा आहे, त्याच्याजवळपर्यंत गाडी जाते, चढावं लागत नाही. तिकडे अस्वलं आहेत, खाण्याची पिशवी टेबलावर सोडून फिरायला जाऊ नका. सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत राहणार असतील तर कळवा, त्या बाजूच्या सफरचंदांच्या बागांचंही सांगते.